दुकान खाली आहे

चौतीस वर्षं मी सिंचाई विभागात मसुदे लिहिले. कालव्यातल्या गाळापासून साहेबांच्या प्रवासभत्त्यापर्यंत एकही विषय माझ्या लेखणीतून सुटला नाही. त्यातलं एकही वाक्य कोणी दुसऱ्यांदा वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. निवृत्त झाल्यावर सात महिन्यांनी मात्र मी तीन शब्दांचं एक वाक्य लिहिलं आणि ते दोन दिवसांत अकरा हजार लोकांनी वाचलं. ते वाक्य असं : दुकान खाली आहे.

यात काय चुकलं हे तुम्ही पुण्याचे असाल तर कळणार नाही, आणि भोपाळचे असाल तर लगेच कळेल. आम्ही पांढुर्ण्याचे, म्हणजे मध्य प्रदेशातले मराठी, त्यामुळे आम्हाला दोन्ही कळतं. फक्त वेळेवर कळत नाही.

दुकान माझ्या बायकोचं. अलका लेडीज टेलर. जाम नदीच्या काठाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर आहे. वर आम्ही राहतो आणि खाली दुकान. बावीस वर्षांपूर्वी ते रस्त्याच्या बरोबरीनं होतं. पण आमच्या गल्लीत जुन्या रस्त्यावरच नवा रस्ता टाकायची पद्धत आहे, त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी रस्ता एक वीत वर येतो आणि दुकान जागच्या जागी एक वीत खाली जातं. आता तीन पायऱ्या उतराव्या लागतात. नवीन बाई आली की तिला दुकान दिसतच नाही. ती सरळ जिना चढून वर येते, आमची बेल वाजवते आणि बनियनवर पेपर वाचत बसलेल्या माझ्याकडे पाहून दचकते. मी न उठता बोटानं दाखवतो आणि म्हणतो, "खाली."

पण नवीन बायका येणंच कमी झालं होतं. तयार ब्लाउज मिळतात, नागपूर दीड-दोन तासांवर आहे. अशात सौसरचा भूपेंद्र आला. हा माझ्या चुलतबहिणीचा मुलगा. त्याला पांढुर्ण्यात मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. चहा पिता पिता म्हणाला, "मामाजी, खालची जागा मले द्या ना. मामीजीले आता आराम पाह्यजे." अलका त्या वेळी दातानं दोरा तोडत होती. तिनं तो तोडला आणि म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाहू. नाईच जमलं, तर मशीन वर नेऊन ठेवू."

एवढंच बोलली. ती रागावली असती तर मला कळलं असतं. चौतीस वर्षं साहेबांचे राग पाहिलेत. पण हे वाक्य तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजाचं वळण मला ओळखीचं नव्हतं. मी ते संमती म्हणून नोंदवलं.

ऋतुजाला, म्हणजे आमच्या पुण्यातल्या मुलीला, हे कळल्यावर ती फोनवर ओरडली, "बाबा, काही काय! आधी आईच्या दुकानाचं पेज काढा. सगळे रील पाहूनच कपडे शिवतात आता. तुम्ही तसे रिकामेच आहात."

'रिकामेच' हा शब्द मला लागला. माणूस निवृत्त होतो, रिकामा होत नाही. मी त्याच दुपारी कामाला बसलो.

ते फोटोंचं अ‍ॅप. नाव घेत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला. ते उघडल्यावर पहिल्यांदा वाटलं की आपण परत नोकरीत आलो. आधी नाव विचारलं, मग नाव दुसऱ्या कोणी घेतलंय म्हणून सांगितलं, मग पत्ता. मी पांढुर्णा जिल्हा लिहिलं तर ते छिंदवाडा सुचवायला लागलं. आम्ही कधीचे वेगळा जिल्हा झालो, पण ती बातमी अजून त्यांच्याकडे पोहोचली नव्हती. शिवाय विजेच्या जुन्या बिलावर छिंदवाडा, नव्या बिलावर पांढुर्णा, आणि माझ्या आधारकार्डावर माझा असा फोटो की तो कुठल्याच जिल्ह्यातला वाटत नाही. मी त्यांना सविस्तर अर्ज लिहिला, अधिसूचनेच्या संदर्भासकट. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं : आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. मला त्यांचा आदर वाटला. आमच्या ऑफिसात एवढंच उत्तर द्यायला तीन आठवडे लागायचे.

पहिली पोस्ट मी मन लावून लिहिली. 'विषय : महिलांच्या ब्लाउज शिलाईबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून समस्त भगिनींस कळविण्यात येते की...' सोबत अलकाचा मतदार ओळखपत्राच्या वेळचा फोटो. आठवड्यात चार लोकांना आवडली. एक ऋतुजा, एक मी, एक ट्रॅक्टरची कंपनी आणि एक आमचे शेजारी शालिकराम. तेही म्हणाले, "अंगठा चुकून लागला भाऊ."

शालिकरामांनी आयुष्य जिनिंगच्या काट्यावर काढलं. त्यामुळे समोर येईल त्याचं वजन सांगायची त्यांना सवय आहे. "तुमच्या पोस्टीत वजन नाई," ते म्हणाले. "एवढं कोण वाचन? तीन शब्द पाह्यजे. फोटो, तीन शब्द, खाली नंबर. माह्या पुतण्यानं म्हैस अशीच इकली."

मी अलकाला म्हटलं, रील काढू, तू मशीनवर बस. ती म्हणाली, "तोंड नका घेऊ. हात घ्या पाह्यजे तर." मला ते पटलं नाही. नुसते हात कोण पाहतं? मी म्हटलं, मग तू राहूच दे, मी दुकानाचाच फोटो काढतो.

आता फोटो काढायचा तर गल्लीत मोटारसायकली. दुकान म्हणून दिसत नाही. शेवटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संधी मिळाली. त्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा. अख्खं गाव नदीवर, पलीकडे सावरगावचे लोक, अलीकडे आमचे. आमच्या गल्लीतलं एकही दुकान उघडत नाही आणि एकही गाडी उभी राहत नाही, काचा कोणाला प्रिय नसतात? मी जिन्यावरून स्वच्छ फोटो घेतला. रिकामी गल्ली, तीन पायऱ्या, बंद शटर. मग विचार केला की गिऱ्हाइकांची मुख्य अडचण कोणती? ती वर येतात. तेव्हा तीन शब्दांत तीच दूर करावी. लिहिलं : 'दुकान खाली आहे.' खाली माझा नंबर, आणि 'संपर्क करा'. ठिकाण : पांढुर्णा.

त्या दिवशी सगळा मुलूख मोबाइलवर पांढुर्णा शोधत असतो. दगड पाहायला आलेले लोक माझं शटर पाहून गेले. संध्याकाळपर्यंत अडीच हजार, दुसऱ्या दिवशी अकरा हजार. मी अलकाला आकडा दाखवला. ती म्हणाली, "बाप्पा! एवढ्या बायकांचे ब्लाउज मी शिवू कवा?" आणि हसली. ती असं हसल्याला बरेच महिने झाले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पहिला फोन मुलताईहून.

"भाईसाब, दुकान खाली है?"

"हाँ जी, खाली ही है. तीन सीढ़ी उतरना पड़ता है."

"कब से खाली है?"

"बाईस साल से."

"बाईस साल से! कोई लफड़ा तो नहीं है?"

"लफड़ा कैसा? मेरी वाइफ बैठती है उसमें."

"खाली दुकान में?"

"तो और कहाँ बैठेगी? ऊपर तो घर है."

त्यानं फोन ठेवला. मी डायरीत नोंद केली : मुलताई, चौकशी, सकारात्मक.

तुम्ही म्हणाल, चौतीस वर्षं हिंदीत नोकरी केलेल्या माणसाला हे कळू नये? सांगतो. माझी हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. ऑफिसात सगळ्यांचीच तशी होती, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. बैतूलचा एक, वरुडचा एक, असे नऊ फोन त्या दिवशी आले आणि नऊही जणांना मी दुकान खाली असल्याची हमी दिली. एकानं शटरची रुंदी विचारली. मला वाटलं, बाई जाड असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम आले, ते टोपी काढून. "काऊन भाऊ, वहिनीची तबियत बरी आहे ना? दुकान काऊन सोडून राहिले?"

"कोण सोडून राहिलं?"

"तुमीच तं टाकलं. दुकान खाली आहे म्हून. सारं गाव म्हनून राहिलं, अलकाबाईनं दुकान खाली केलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खाली म्हणजे खाली, आणि खाली म्हणजे रिकामं. वाक्य एकच, लिपी एकच. हिंदीवाल्यांनी ते हिंदीत वाचलं, आणि आमचे मराठीवालेही घर खाली करतात, खोली खाली आहे का विचारतात, तेव्हा त्यांनी आपल्या सोयीनं वाचलं. बंद शटरचा फोटो तर मीच पुरावा म्हणून जोडला होता.

मी खिडकीतून पाहिलं. दुकानासमोर बायकांची रांग. क्षणभर, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. मग दिसलं की त्या शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आल्या होत्या. पुढे दसरा-दिवाळी, टेलर पळून गेला तर? एक बाई तर सहा वर्षांपूर्वी टाकलेला ब्लाउज न्यायला आली होती, ज्यात आता तिची नातही मावली नसती. अलका प्रत्येकीला सांगत होती, "अवं, नाई बंद करून राहिली मी," आणि प्रत्येक बाई मान डोलवून आपली पिशवी घेऊन जात होती. बंद करणारा माणूस असंच म्हणतो, हे गावाला माहीत आहे.

दुपारी भूपेंद्र सौसरहून आला, लोखंडी टेप घेऊन. "मामाजी, मले सांगाले पाह्यजे होतं ना. साऱ्या दुनियेले सांगून राहिले अन् घरच्यालेच नाई." तो थेट खाली उतरला आणि भिंत मोजू लागला. अलकाच्या गळ्यात तिचा टेप होता. ती मशीनवरून न उठता म्हणाली, "नऊ बाय अकरा आहे. भिंत कोपऱ्यात दीड इंच तिरपी आहे. मोजू नको." त्यानं तरी मोजलं. नऊ बाय अकरा, दीड इंच तिरपी.

सरकारी माणसाकडे चुकीवर एकच औषध असतं : शुद्धिपत्रक. मी तातडीनं दुसरी पोस्ट टाकली. 'दुकान खाली नाही.'

ते टाकल्यावर मला पूर्ण समाधान वाटलं, यावरून मी किती वर्षं नोकरी केली ते लक्षात यावं. अर्ध्या तासात भूपेंद्रचा फोन. "कोणाले देलं मामाजी? मी टेप लावून आलो अन् तुमी दुसऱ्याले देलं!" ज्या थोड्या लोकांनी ते मराठीत वाचलं, त्यांचा समज वेगळाच झाला. दुसऱ्या दिवशी दोन बायका जिना चढून थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "दुकान वर आणलं म्हनते ना?" मी फोडणी देत होतो. म्हणजे अलकाला वर यायची इच्छा नसल्यामुळे मलाच द्यावी लागत होती.

चार दिवसांनी मी खाली गेलो. खरं तर मी दुकानात फक्त दसऱ्याला जात असे, मशीनच्या पूजेला नारळ फोडायला. एरवी जेवण झालं का विचारायचं तर जिन्यावरूनच हाक मारायची. आज पायऱ्या उतरून आत गेलो. खुंट्या मोकळ्या, फळी मोकळी. अलका मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. मी लिहिलेलं वाक्य हिंदीतही खरं झालं होतं, आणि ते मीच खरं केलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी काही बोलणार, तेवढ्यात पायऱ्यांवरून एक चाळिशीची बाई धापा टाकत खाली आली.

"काकू, बंद करून राहिल्या का तुमी? भाच्यानं मोबाइलात दाखवलं. सकाळी मोहगावहून निंगाली मी, दोन बस बदलल्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मंग माह्यं कोण शिवन?"

अलका उठली. "बस सुचिता. पाणी पे आधी." मग तिनं भिंतीवरच्या तारेकडे हात नेला. त्या तारेवर कागदाच्या बाह्या, पाठी, गळे ओळीनं टांगलेले होते. त्यातला एक गठ्ठा तिनं न शोधता काढला. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी जरा बाहेर बसा."

मी पायरीवर बसलो. आतलं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. सुचिताचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं, डावी बाजू काढली होती. तयार ब्लाउज तिला बसत नव्हता. नवऱ्यासमोर, सासूसमोर, लग्नाकार्यात ती पदर गच्च धरून बसायची. अलका आतून कापूस आणि अस्तर लावून तिला असा ब्लाउज शिवून देत होती की कोणाला काही कळू नये. "कवा कवा भीती वाटते," सुचिता म्हणाली, "की तुमची मशीन बंद पडली, तं मी कुठी जाऊ?" अलका म्हणाली, "माही मशीन अशी बंद पडत नाई. चार पीस आणले ना? चारही ठेव."

ती गेल्यावर मी आत आलो. गठ्ठा टेबलावर होता. मी वरचा कागद उचलला. बाहीच्या आकारात कापलेला. त्यावर निळ्या खडूनं 'सुचिता, मोहगाव', आणि त्या खडूखाली माझंच अक्षर : 'उपरोक्त विषयांतर्गत निवेदन है कि'.

"हे माझे मसुदे आहेत."

"हाव. तुमी खराब झालेले घरी आणाचे ना, रद्दीले. कागद चांगला जाड होता."

मी तारेवरचे एकेक पाहत गेलो. कालवा दुरुस्तीची पाठ, प्रवासभत्त्याचा गळा. प्रत्येकावर एक नाव, गाव, आणि बारीक अक्षरात काहीबाही. 'बाळंतपणानंतर.' 'उजवा खांदा उतरता, डोक्यावर ओझं.' 'हिले घट्ट आवडते, पण नको.' चौतीस वर्षं मला वाटत होतं की माझं लिखाण कोणाच्या कामी आलं नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुमी कवा विचारलं?" तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "एक विचारू? तुमी ऑफिसात माह्याबद्दल काय सांगाचे?"

"काय सांगणार? कोणी विचारलं तर सांगायचो की ती खाली असते."

"हिंदीत सांगाचे ना?"

हिंदीत खाली म्हणजे बिनकामाची. वाइफ क्या करती है, बडे बाबू? खाली रहती है, साहब. हे मी किती साहेबांना सांगितलं असेल, देव जाणे.

"तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात," अलका म्हणाली, "साहेब भाषणात म्हणले, श्रीमतीजी तो पहले से खाली रहती हैं, अब बडे बाबू भी खाली हो गए. सारे हासले. तुमीबी हासले. साहेबाच्या बायकोच्या अंगात माह्या हातचा ब्लाउज होता. मोराचा गळा. चपराशाच्या हातून माप आलतं, तिले ठाऊक नसन कोणाचा. थेबी हासली." दोरा आता ओवला गेला होता. "म्हून मी म्हनलं, नेऊ मशीन वर. माह्या घरच्यालेच मी खाली दिसते, तं गावाले काय सांगू?"

मी म्हणू शकलो असतो की तो शब्दांचा घोटाळा होता. म्हणणारही होतो. पण घोटाळा नव्हता. दाराची बेल वाजली की मी न उठता बोट खाली दाखवायचो, तेव्हा माझ्या मनात त्या शब्दाचा कोणता अर्थ असायचा, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." एवढा छोटा मसुदा मी आयुष्यात केला नव्हता.

"बसा मंग," ती म्हणाली. "हूक लावता येते का?"

येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी एका ब्लाउजला सगळे हूक उलट्या बाजूनं लावले. आता बरे लागतात. दसऱ्याला नारळ फोडला तेव्हा खुंट्यांवर पुन्हा बरीच कापडं होती. गेलेल्या बायकांपैकी काही परत आल्या, कारण दुसऱ्या टेलरकडे त्यांचा खांदा कोणता उतरता हे ठाऊक नव्हतं. काही नाही आल्या. भूपेंद्रला बसस्टँडजवळ जागा मिळाली, तो अजून थोडा फुगलेला आहे. पेजवर आता अलकाचे फक्त हात असतात, आणि खाली तिनंच सांगितलेली ओळ : 'तीन पायऱ्या उतरा. अलका आत आहे.' शालिकरामांच्या मते तिला वजन आहे. त्यांनी या वेळी अंगठा मुद्दाम लावला.

परवा छिंदवाड्याहून जुन्या साहेबांचा फोन आला. मी दातात दोरा धरून बसलो होतो.

"कहिए बडे बाबू, घर में सब ठीक? श्रीमतीजी क्या करती हैं आजकल?"

"ब्लाउज सिलती हैं, साहब. बाईस साल से. मॅडम का मोर गले वाला उन्होंने ही सिला था."

"अच्छा! और आप?"

मी आजूबाजूला पाहिलं. तीन पायऱ्या, तारेवर माझे मसुदे, आणि मशीनवर वाकलेली अलका, जिला मान वर करायला फुरसत नव्हती.

"मैं?" मी म्हणालो. "मैं खाली रहता हूँ."